फ्लूच्या लसीतलं अंडं आणि इतर मंडळी

फ्लूच्या लसीच्या खोक्यात सिरिंजसोबत एक कागद येतो. घडीवर घडी घातलेला, भिंगाशिवाय वाचता न येणारा. लोक तो खोक्यासकट टाकून देतात. मी ठेवते. आमच्या ह्यांना दमा आहे, त्यामुळे पावसाळा तोंडावर आला की डॉक्टरांकडे एक फेरी ठरलेली, आणि परत येताना तो कागद माझ्या पर्समध्ये. असे बरेच कागद आता बिस्किटांच्या डब्यात जमलेत. सोसायटीत कुणाला लसीबद्दल शंका आली की मला बोलावणं येतं, कारण उभी नोकरी मी लसी बनवण्यात काढली हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या लसी कोंबड्यांच्या होत्या, असं मी दर वेळी सांगते. कुणी मनावर घेत नाही.

प्रश्न ठरलेले. त्यात अंडं असतं म्हणे? मग आमच्यात चालेल का? पारा असतो म्हणे? ते मुडदे टिकवायचं फॉर्मॅलिन असतं म्हणे? मी तो कागदच पुढे करते. असतं ते सगळं त्यावर छापलेलं आहे, कुणी लपवलेलं नाही. छापलेलं नाही ते एवढंच, की यातली कोणती गोष्ट कधी आली आणि का आली. या कागदावरची जवळजवळ प्रत्येक ओळ आधी कुठेतरी काहीतरी बिघडलं, माणसं दगावली किंवा अख्खी लस फुकट गेली, म्हणून लिहावी लागली. माझ्या लेखी तो कागद म्हणजे शंभर वर्षांच्या चुकांची आणि दुरुस्त्यांची वही आहे, आणि तो तसाच वाचायला हवा.

सुरुवात अंड्यापासून. विषाणूला वाढायला जिवंत पेशी लागते. जिवाणूसारखा तो बाटलीतल्या मटणाच्या सुपावर वाढत नाही. पण फ्लूमागे विषाणू आहे हेच १९१८ साली ठाऊक नव्हतं. त्या जूनमध्ये मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने फणफणून इस्पितळात दाखल झाले, त्यातला एक गोदीवर नेमलेला होता. पुढे या फ्लूच्या साथीत देशभरात किती माणसं गेली याचे अंदाज एक कोटी वीस लाखांपासून दोन कोटींपर्यंत जातात. माझी आजी तिला मानमोडीची साथ म्हणायची आणि पुढे काही बोलायची नाही. जर्मनीच्या रिचर्ड फायफर यांनी १८९२ मध्ये फ्लूच्या रोग्यांत एक जिवाणू पाहिला होता आणि तोच फ्लूचं कारण असं बहुतेक डॉक्टर धरून चालले होते. त्यामुळे साथीत घाईघाईने बनवलेल्या लसी त्या जिवाणूच्या आणि त्याच्या भाईबंदांच्या होत्या. लोकांनी रांगा लावून त्या टोचून घेतल्या. खरा चोर त्या यादीत नव्हताच.

अंड्याचा रस्ता सापडला तो १९३१ मध्ये, अमेरिकेत नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात. अर्नेस्ट गुडपाश्चर आणि ॲलिस वुडरफ यांनी कोंबड्यांच्या देवीचा विषाणू फलित अंड्यात वाढवून दाखवला. कवचाला छोटी खिडकी पाडायची, आतल्या पडद्यावर विषाणू सोडायचा, खिडकी काचेने बंद करायची. दोनच वर्षांनी, १९३३ मध्ये, लंडनमध्ये विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी माणसाच्या फ्लूचा विषाणू पकडला. फ्लू झालेल्या माणसाच्या गुळण्यांचं पाणी गाळून त्यांनी ते फेरेटच्या नाकात सोडलं. फेरेट म्हणजे मुंगसाच्या अंगलटीचा एक प्राणी. त्याला माणसासारखाच ताप आला, नाक वाहायला लागलं. १९३६ मध्ये अशाच एका आजारी फेरेटने चार्ल्स स्टुअर्ट-हॅरिस या तरुण डॉक्टरच्या तोंडावर शिंक दिली आणि त्यांना फ्लू झाला. यापेक्षा चोख पुरावा काय हवा? त्याच सुमारास मेलबर्नमध्ये मॅकफार्लन बर्नेट यांनी हा विषाणू अंड्यात वाढवायचं तंत्र बसवायला घेतलं. फेरेट महाग, चावरं आणि सांभाळायला कठीण. अंडं कुठेही मिळतं, चावत नाही, आणि आपलं खाणं आपल्याबरोबर घेऊन येतं.

इथे मला घरी आल्यासारखं वाटतं, कारण आमच्याकडे कोंबड्यांच्या राणीखेत रोगाची लस याच पद्धतीने बनायची. नऊ-दहा दिवस उबवलेली अंडी इनक्युबेटरमधून ट्रेने काळोख्या खोलीत यायची. तिथे कँडलिंग. दिव्याच्या भोकावर अंड्याचं बोथट टोक टेकवलं की आतलं लाल शिरांचं जाळं उजळतं आणि त्यात एक काळा ठिपका दिसतो. तो डोळा. ठिपका हलला की अंडं चांगलं. शिराच नसतील तर ते ‘क्लिअर’, म्हणजे फळलंच नाही. रक्ताचं कडं दिसलं तर गर्भ मेला. ही दोन्ही बाजूला काढायची. मग हवेच्या पोकळीची कड पेन्सिलीने आखायची, शीर नसलेली जागा बघून फुली मारायची, फुलीवर आयोडीन, बारीक भोक, सुईने विषाणूचं पाणी अलॅन्टॉइक पिशवीत, आणि वर वितळलेल्या मेणाचा थेंब. नव्या मुलींना आधी पांढऱ्या कवचाची अंडी द्यायचो; तपकिरी कवचातून नीट दिसायला डोळा तयार व्हावा लागतो. बोलणं चालू ठेवून हात चालवायची सवय झाली की मुलगी तयार झाली असं आम्ही समजायचो. फ्लूच्या लसीच्या मोठ्या कारखान्यांत आता हे काम यंत्रं करतात, पण क्रम हाच. टोचलेली अंडी ३३ ते ३५ अंशांवर दोन-तीन दिवस ठेवायची. तेवढ्यात अलॅन्टॉइक पाणी विषाणूने भरून जातं.

मग अंडी थेट फोडत नाहीत. रात्रभर ४ अंशांच्या थंड खोलीत ठेवतात. गर्भ मरतो, शिरा आकसतात, आणि सकाळी टोपी कापल्यावर स्वच्छ, पिवळसर पाणी ओढून घेता येतं. घाई केलीत तर शीर फुटते, रक्त पाण्यात मिसळतं आणि विषाणू वाया जातो. का वाया जातो, ते १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत जॉर्ज हर्स्ट यांना दिसलं. अंड्यातलं पाणी काढताना एक शीर फाटली, आणि त्या पाण्यात मिसळलेल्या लाल पेशींच्या बघता बघता गुठळ्या झाल्या. विषाणूच्या अंगावरचं एक प्रथिन लाल पेशींना घट्ट धरून ठेवत होतं. त्या प्रथिनाला आज हिमॅग्लुटिनिन म्हणतात, आणि फ्लूच्या लसीत कामाचा माल तोच, बाकी सगळा लवाजमा. विषाणू आहे का, किती आहे, हे बघायला आम्ही निवृत्तीपर्यंत हर्स्ट यांचीच चाचणी वापरायचो. प्लॅस्टिकच्या प्लेटच्या खळग्यांत कोंबडीच्या लाल पेशी टाकायच्या. विषाणू असेल तर त्या जाळीसारख्या पसरतात, नसेल तर तळाशी लाल बटण बसतं. अर्ध्या-पाऊण तासात उत्तर.

आता फॉर्मॅलिन. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला १९१८ची धास्ती होती. त्या वर्षी छावण्यांत तरणेताठे शिपाई पटापट गेले होते. म्हणून १९४१ मध्ये सैन्याने इन्फ्लुएन्झाचं एक मंडळ नेमलं. प्रमुख थॉमस फ्रान्सिस, मिशिगन विद्यापीठाचे, आणि त्यांच्या हाताखाली जोनास साल्क नावाचा तरुण. अंड्यातला विषाणू मारायचा, पण त्याचं अंगरखं शाबूत ठेवायचं, हे काम फॉर्मॅलिनच्या अगदी पातळ पाण्याने जमलं. १९४३ मध्ये त्यांनी महाविद्यालयांत शिकणाऱ्या सुमारे साडेबारा हजार सैनिकांवर लस तपासली. नशिबाने म्हणा, त्याच हिवाळ्यात फ्लूची साथ आली. लस न मिळालेल्यांपैकी सुमारे ७ टक्के आजारी पडले, मिळालेल्यांपैकी सुमारे २ टक्के. १९४५ मध्ये सैन्यासाठी परवाना मिळाला, पुढच्या वर्षी सगळ्यांसाठी. साल्क यांनी हेच तंत्र पुढे पोलिओच्या विषाणूला लावलं, ते जगाला माहीत आहे. सोसायटीतल्या मंडळींना मी एवढंच सांगते की लसीत उरलेलं फॉर्मॅल्डिहाइड आपल्या रक्तात एरवी असतं त्यापेक्षाही कमी आहे. शरीर ते रोज स्वतः बनवतं आणि रोज मोडतं. काही कारखाने फॉर्मॅलिनऐवजी बीटा-प्रोपिओलॅक्टोन वापरतात. तुमच्या कागदावर कोणतं आहे, ते बघून घ्यायचं.

परवान्याला दोन वर्षं होत नाहीत तोच लस आपटली. १९४७ च्या साथीत मिशिगनच्याच विद्यार्थ्यांवर फ्रान्सिस आणि साल्क यांनी हिशेब मांडला, तर लस घेतलेले आणि न घेतलेले सारखेच आजारी. लस बिघडली नव्हती, विषाणू बदलला होता. राणीखेतची लस आम्ही वर्षानुवर्षं त्याच बीजावरून बनवत आलो. फ्लूला ते परवडत नाही. तेव्हापासून जगभर पहारा बसला. लंडनला केंद्र झालं, १९५२ पासून जागतिक आरोग्य संघटनेचं जाळं सुरू झालं. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था आज त्याच जाळ्यातलं भारताचं केंद्र आहे. दरवर्षी फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी तज्ज्ञ बसतात आणि कोणते विषाणू घ्यायचे ते ठरवतात. ते ज्या गावी सापडले त्यांची नावं मग आपल्या कागदावर येतात. माझ्या डब्यातल्या कागदांवर कॅलिफोर्निया आहे, मिशिगन आहे, ब्रिस्बेन, सिंगापूर, कॅन्सस, डार्विन. नवं खोकं उघडलं की मी आधी ही गावं बघते. बदलली असतील तर समजायचं, गेल्या वर्षाची लस या वर्षी पुरणार नाही.

तज्ज्ञांनी नाव ठरवलं म्हणजे लस झाली नाही. हातात साधारण सहा महिने. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचा कळप त्याआधीच ठरवून ठेवावा लागतो, कारण फलित अंडं हवं तर कोंबडा हवा, आणि कोंबडा एका दिवसात वयात येत नाही. ही गोष्ट मॉरिस हिलमन यांना बरोबर कळत होती. ते मोंटानात कोंबड्यांच्या संगतीतच वाढलेले. १७ एप्रिल १९५७ रोजी त्यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये हाँगकाँगच्या साथीची बातमी वाचली आणि ओळखलं, हे काहीतरी नवं आहे. वॉशिंग्टनमधल्या वॉल्टर रीड या सैनिकी संस्थेत नमुने मागवले, तपासले. त्या विषाणूविरुद्ध जवळजवळ कुणाच्याच रक्तात प्रतिकार नव्हता. त्यांनी कारखानदारांना कळवलं, हॅचरीवाल्यांना सांगा, हंगाम संपला म्हणून कोंबडे कापू नका. त्या निरोपामुळे हिवाळ्याच्या आत अमेरिकेत चार कोटींच्या आसपास डोस तयार झाले. लसीच्या इतिहासात नोबेलवाल्यांची नावं पुष्कळ आहेत. माझ्या लेखी कोंबडे वाचवणाऱ्या या निरोपाची किंमत त्यांच्या तोडीची आहे.

काही विषाणू मात्र अंड्यात वाढायला नाखूश असतात. कारखान्याच्या दृष्टीने तो मोठा घोर, कारण अंडी जातात आणि माल निघत नाही. १९६०च्या दशकात न्यूयॉर्कच्या एडविन किलबर्न यांनी त्यावर तोड काढली. फ्लूची जनुकं आठ सुट्या तुकड्यांत असतात. एकाच अंड्यात दोन विषाणू सोडले तर तुकड्यांची अदलाबदल होते. त्यांनी नवा विषाणू आणि अंड्यात भरभरून वाढणारा जुना विषाणू एकत्र सोडले, आणि अंगरखं नवं पण वाढ जुन्याची अशी संकरित जात निवडून काढली. तो जुना विषाणू म्हणजे थॉमस फ्रान्सिस यांनी १९३४ मध्ये पोर्तो रिकोतल्या रोग्याकडून मिळवलेला पीआर-८. कागदावर गावाच्या नावापुढे एक्स-१७९ए अशी काहीतरी खूण दिसली तर समजावं, बाहेरून कॅलिफोर्निया २००९, आतून पोर्तो रिको १९३४. ही सोय अर्थात फुकट मिळालेली नाही. अंड्यात वाढताना विषाणू अंड्याला सोयीचे बदल करून घेतो, आणि एच३एन२ जातीत त्या बदलांमुळे लस माणसातल्या विषाणूपासून थोडी बाजूला सरकते. अलीकडच्या काही वर्षांत ही लस कमी पडली, त्यामागे हेही एक कारण होतं.

सुरुवातीच्या लसींनी हात सुजायचा, ताप यायचा. अंड्यातली प्रथिनं, पडद्यांचे कण, सगळंच सोबत टोचलं जायचं. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या ओक रिजमध्ये, जिथे युरेनियमवर काम चालायचं, नॉर्मन अँडरसन यांनी प्रचंड वेगाने फिरणारं झोनल सेंट्रिफ्यूज बनवलं. त्यात साखरेच्या पाण्याचे कमी-जास्त दाट थर असतात. विषाणू आपल्या वजनाच्या थरात जाऊन बसतो आणि अंड्याची घाण दुसऱ्या थरात राहते. पुढे विषाणू अख्खा न ठेवता फोडायला सुरुवात झाली. विषाणूचं बाहेरचं आवरण चरबीचं, म्हणून आधी ईथर आणि मग साबणाच्या जातीची द्रव्यं. कागदावर ट्रायटन एक्स-१०० किंवा पॉलिसॉर्बेट ८० दिसतं ते यासाठी. पॉलिसॉर्बेट आइस्क्रीममध्येही असतं, हे कळल्यावर शंका घेणाऱ्यांचा निम्मा जोर ओसरतो. ०.५ मिलिलिटरच्या डोसात अंड्याचं प्रथिन, ओव्हाल्ब्युमिन, बहुतेक लसींत १ मायक्रोग्रॅमच्या आत असतं. पूर्वी अंड्याची ॲलर्जी असलेल्यांना लस टाळायला सांगत, पण अमेरिकेत २०२३ पासून त्यांच्यासाठी वेगळी खबरदारीही लागत नाही असं ठरलं.

कामाचा माल किती, तेही छापलेलं असतं: प्रत्येक जातीचं १५ मायक्रोग्रॅम हिमॅग्लुटिनिन. हा आकडाही सहज आला नाही. १९७०च्या दशकापर्यंत लसीची ताकद लाल पेशींच्या गुठळ्यांवरून मोजायचे. फोडलेल्या विषाणूत ते माप नीट बसेना, आणि एका कारखान्याचा डोस दुसऱ्याशी जुळेना. मग अगारच्या पातळ थरात विषाणूविरुद्धचं सीरम मिसळून, त्यात पाडलेल्या भोकात लस सोडून, भोवती उमटणारं पांढरं वर्तुळ मोजायची पद्धत आली. वर्तुळ जेवढं मोठं तेवढं प्रथिन जास्त. साध्या भिंगानेही फरक दिसतो, इतकी ती प्रामाणिक चाचणी आहे.

पाऱ्याचा प्रश्न सगळ्यात जुना आहे आणि त्याचा एक धागा आपल्या मुंबईतून जातो. १८९६ च्या प्लेगात वाल्देमार हाफकिन मुंबईत आले आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. ती लस बाटलीत सुपावर वाढायची. गाईचं किंवा डुकराचं मांस इथे कुणालाच चालणार नाही हे जाणून ते सूप शेळीच्या मांसाचं केलेलं, आणि वर चक्क तुपाचे थेंब तरंगत ठेवलेले. जिवाणू त्या तुपाला लोंबकळत खाली वाढायचे. लसीत काय असावं हा प्रश्न आपल्याकडे सव्वाशे वर्षांचा आहे, आणि तेव्हाही तो प्रयोगशाळेइतकाच घराघरांतल्या चुलीशी जोडलेला होता. म्हणून अंडं चालेल का, असं कुणी विचारलं की मी हसत नाही. मी फक्त कागद वाचून दाखवते, निर्णय ज्याचा त्याने घ्यावा.

याच लसीच्या एका बाटलीतून ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने गेली. जंतू मारणारं कार्बोलिक आम्ल त्या बाटलीत नव्हतं. हाफकिन यांच्यावर ठपका आला, काम गेलं. बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा तसाच वापरला गेला होता, हे पुढे आलं आणि १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. तोवर त्यांचं आयुष्य विस्कटलं होतं. १९२८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बंडाबर्ग गावी घटसर्पाच्या लसीच्या एका बाटलीत, ज्यात जंतुनाशक नव्हतं, जंतू वाढले आणि १२ मुलं गेली. एकाच बाटलीत अनेकदा सुई घालायची असेल तर त्यात काहीतरी राखण हवी, हा धडा असा मिळाला. थायमेरोसल ही ती राखण. त्यातला पारा इथिलचा, माशांतून येणाऱ्या मिथिल पाऱ्यापेक्षा शरीरातून लवकर बाहेर पडणारा. अनेक डोसांच्या बाटलीत दर डोसाला २५ मायक्रोग्रॅम पारा असतो. आमच्या ह्यांना मिळते त्या एक डोसाच्या भरलेल्या सिरिंजमध्ये तो घालायची गरजच नसते. कागदावर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं.

निओमायसिन, जेंटामायसिन अशी प्रतिजैविकांची नावंही अंशमात्र म्हणून छापलेली दिसतात. अंडं म्हणजे शेवटी कोंबडीच्या पोटातून आलेली वस्तू. कितीही पुसा, कवचावर जंतू असायचेच. २००४च्या ऑक्टोबरमध्ये लिव्हरपूलजवळच्या एका कारखान्यात सेराशिया नावाचा जिवाणू लसीत सापडला, ब्रिटनने परवाना थांबवला आणि त्या वर्षी अमेरिकेच्या वाट्याची जवळजवळ निम्मी फ्लूची लस एका झटक्यात गेली. धोक्यांच्या यादीत गिलेन-बॅरे हे नाव असतं, तेही एका जुन्या प्रसंगाचं. १९७६ मध्ये न्यू जर्सीच्या फोर्ट डिक्स छावणीत डुकरांच्या फ्लूने एक सैनिक गेला, अमेरिकेने घाईने चार कोटींहून जास्त लोकांना लस टोचली, साथ आलीच नाही, आणि दर लाखामागे सुमारे एकाला पायांतली ताकद जाणारा हा आजार जास्तीचा झाला. तेव्हापासून ते नाव कागदावरून गेलेलं नाही, आणि जाऊही नये.

अंड्यावर सगळं सोपवण्यात काय धोका आहे, ते आम्हा कोंबडीवाल्यांना २००६ मध्ये कळलं. फेब्रुवारीत नंदुरबारच्या नवापूरला बर्ड फ्लू निघाला आणि शेडच्या शेड रिकाम्या झाल्या. ज्या साथीविरुद्ध लस हवी तीच साथ लसीची अंडी देणाऱ्या कोंबड्या मारणार असेल तर काय करायचं? शिवाय तो एच५एन१ विषाणू गर्भालाच मारून टाकतो. त्याच्या जनुकातला घातक तुकडा काढल्याशिवाय तो अंड्यात वाढवता येत नाही. म्हणून दुसऱ्या वाटा शोधल्या गेल्या. २०१२ मध्ये अमेरिकेत कुत्र्याच्या मूत्रपिंडातल्या पेशींवर वाढवलेली लस आली. २०१३ मध्ये आलेली लस तर अळीच्या पेशींत बनते, आणि अळी कोणती, तर स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा, म्हणजे २०१८ पासून आपल्या मक्याचा फडशा पाडणारी लष्करी अळी. तिच्या पेशींत बॅक्युलोव्हायरसमार्फत हिमॅग्लुटिनिनचं जनुक घालतात. हरभऱ्यावरच्या घाटेअळीसाठी शेतकरी एचएएनपीव्ही फवारतात, तो याच कुळातला विषाणू. माझा भाऊ मका लावतो. त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, ताई, एवढी गुणाची असेल तर घेऊन जा म्हणावं सगळी.

पुण्याचं स्वतःचं पानही या वहीत आहे. २००९च्या ऑगस्टमध्ये देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला. नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या, शाळा आणि मॉल बंद झाले. पुढच्या जुलैत पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने नेसोव्हॅक ही नाकात सोडायची लस आणली. ती मेलेल्या विषाणूची नाही, जिवंत पण लंगड्या केलेल्या विषाणूची. तिचं बीज लेनिनग्राडचं: १९५७ च्या साथीतला विषाणू, थंड तापमानात पिढ्यान्‌पिढ्या वाढवून असा घडवलेला की तो नाकाच्या गारव्यात वाढतो आणि छातीच्या उबेत त्याचं काही चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेमार्फत तो पुण्याला मिळाला. त्या खोक्यातल्या कागदावर फॉर्मॅल्डिहाइडची ओळ नसायची, कारण मारायचंच नव्हतं. अंडं मात्र होतंच, रोगमुक्त कळपाचं.

डब्यातल्या कागदांत बरीच वर्षं एक गाव कायम राहिलं होतं: फुकेत. बी जातीच्या यामागाता शाखेचं ते नाव. बाकी गावं बदलली तरी हे जागचं हललं नाही. मार्च २०२० नंतर या शाखेचा विषाणू जगात कुठेही खात्रीने सापडलेला नाही. टाळेबंदी, मास्क, बंद विमानतळ यांत तो संपला असावा असं मानलं जातं. सप्टेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो लसीतून वगळायला सांगितलं, आणि चार जातींची लस पुन्हा तीनवर यायला लागली. या कागदावर ओळी वाढतच गेलेल्या मी पाहिल्या. शत्रूच उरला नाही म्हणून ओळ गेली, असं हे पहिलंच. आणि ढोबळ मानाने एका अंड्यातून एका जातीचा साधारण एक डोस निघतो, हे धरलं तर कारखान्याचं दर चारातलं एक अंडं वाचलं. ज्या मुलींनी कँडलिंगच्या दिव्यासमोर उभं राहून पाय दुखवून घेतलेत, त्यांना ही बातमी कुणीतरी मुद्दाम सांगायला हवी होती.